ती शिडी कुणी हलवायची? जेरुसलेमचं ‘जैसे थे’, सोलापूरच्या ओट्यावर बसून

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. निम्म्या गल्लीला त्यांनी शिकवलंय, म्हणून त्या सगळ्यांच्याच बाई. कित्येक वर्षं त्या पवित्र भूमीच्या यात्रेसाठी पैसे बाजूला टाकतायत. दोनदा तारीख ठरली आणि दोन्ही वेळा युद्धामुळे पुढे गेली. आता पुन्हा नावं घेणं सुरू झालंय. परवा संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो, तर त्यांनी सहलवाल्यांनी दिलेला सूचनांचा कागद माझ्यापुढे धरला.

“हे वाच बघू. इथं डोकं झाका, तिथं झाकू नका, इथं प्रार्थना करा, तिथं ओठसुद्धा हलवू नका. आणि चर्चची किल्ली म्हणे मुसलमान घराण्याकडं. खरंय का रे हे?”

खरं आहे. ते तसं का आहे हे एकदा लक्षात आलं, की जेरुसलेमच्या बातम्यांतलं डोक्यावरून जाणारं निम्मं तरी उलगडतं. सोलापूरकराला हे समजायला फार जड जाऊ नये, कारण ‘मान’ म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

## आधी गाव बघू, वेशींपासून

मराठी बायबलात या गावाला यरुशलेम म्हटलंय, वर्तमानपत्रं जेरुसलेम लिहितात आणि बाईंच्या समोरच्या घरातले चाचा बैतुल मुकद्दस म्हणतात. गाव एकच. त्यातला ज्याच्यावरून जगभर बातम्या होतात तो तटबंदीतला जुना भाग एक चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. एका वेशीतून शिरून चालत राहिलं, तर गर्दी नसेल तेव्हा वीस मिनिटांत माणूस पलीकडच्या वेशीतून बाहेर पडेल.

त्या वेशींची नावंही आपल्यासारखीच आहेत. विजापूरकडे जायची ती विजापूर वेस आणि तुळजापूरकडे जायची ती तुळजापूर वेस, तशीच तिकडे जाफाच्या वाटेवर जाफा वेस आणि दमास्कसच्या वाटेवर दमास्कस वेस. आजची तटबंदी तुर्की सुलतान सुलेमानने सोळाव्या शतकात बांधून घेतली. त्याच शतकात आपला भुईकोट किल्ला कधी आदिलशाहीकडे तर कधी निजामशाहीकडे जात होता.

आत चार मोहल्ले आहेत: मुस्लिम, ख्रिस्ती, ज्यू आणि आर्मेनियन. आर्मेनियनही ख्रिस्तीच, पण त्यांचा मोहल्ला वेगळा. एवढ्याशा जागेत तीन धर्मांची मोठी स्थानं एकमेकांना खेटून उभी आहेत.

ज्यूंसाठी इथं त्यांचं प्राचीन मंदिर होतं. रोमनांनी ते इ.स. ७० मध्ये पाडलं. मंदिर ज्या विशाल चौथऱ्यावर उभं होतं, त्याच्या आधारभिंतीचा पश्चिमेकडचा एक तुकडा म्हणजे ज्यू जिथं डोकं टेकवतात ती भिंत. त्याच चौथऱ्याच्या वर, इस्लामच्या पहिल्या शतकात, उमय्या खलिफा अब्दुल मलिकच्या काळात सोनेरी घुमटाची वास्तू उभी राहिली. अल-अक्सा मशीदही त्याच आवारात आहे. मक्केकडे तोंड करून नमाज सुरू होण्याआधी मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. मेराजच्या रात्री पैगंबर इथूनच स्वर्गारोहणास गेले, अशी श्रद्धा आहे. तिथून थोडं चाललं की येशूला जिथं क्रुसावर दिलं आणि जिथं पुरलं असं मानतात, त्या जागेवरचं पवित्र कबरीचं चर्च लागतं. ते पहिल्यांदा चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने बांधवलं.

चौथऱ्याची गोष्ट नीट लक्षात ठेवा. एकाच जागेची ही वर-खाली मांडणी आहे: खाली भिंतीपाशी ज्यू, वर आवारात मुसलमान. पुढच्या बहुतेक भांडणांचं मूळ तिथं आहे.

## ‘जैसे थे’ म्हणजे नेमकं काय

आता तो एक जड शब्द. इंग्रजी बातम्यांत ज्याला ‘स्टेटस को’ म्हणतात, त्याला मराठीत कोर्टातला रोजचा शब्द आहे: जैसे थे. एका ठरलेल्या दिवशी जे जसं होतं ते तसंच ठेवायचं. कुणाचा हक्क योग्य आणि कुणाचा अयोग्य हे ठरवायचंच नाही. फक्त त्या दिवशी ताबा कुणाचा होता आणि वहिवाट काय होती, तेवढंच बघायचं.

पवित्र कबरीच्या चर्चमध्ये ख्रिस्ती लोकांचेच सहा पंथ नांदतात. ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक आणि आर्मेनियन हे तीन मोठे वाटेकरी. कॉप्ट (म्हणजे इजिप्तचे ख्रिस्ती), इथिओपियन आणि सिरियन यांच्याकडे लहान वाटे. त्यांच्यात शतकानुशतकं मारामाऱ्या होत आल्या. तुर्की सुलतानांनी अठराव्या शतकात एकदा, आणि मग १८५२ मध्ये पक्कं फर्मान काढून सांगितलं, की आज ज्याच्याकडे जे आहे ते त्याच्याकडेच राहील.

हे धर्मापुरतं राहिलं नव्हतं. ऑर्थोडॉक्सांच्या पाठीशी रशिया उभा होता, कॅथलिकांच्या पाठीशी फ्रान्स. बेथलेहेमच्या चर्चमधला चांदीचा तारा १८४७ साली गायब झाला, त्यावरून वातावरण आणखी तापलं, आणि क्रिमियन युद्ध पेटण्यामागच्या कारणांत ही जागांची भांडणंही होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा धडा सगळ्यांना आठवतो. त्या युद्धाच्या मुळाशी चर्चमधला मानपान होता, हे मात्र मला शाळेत कुणी सांगितलं नाही. बाईंनीही नाही.

## मान आपल्याला ठाऊक आहे

संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी ते पेलत शहरातल्या अडुसष्ट लिंगांकडे जातात. पुढे कोणता नंदीध्वज, मागे कोणता, अक्षता सोहळ्यात संमती कुणी वाचायची, कुंभार समाजाचा मान काय आणि हिरेहब्बूंचा काय, यासाठी दर जानेवारीत मतदान होत नाही. ते ठरलेलं आहे. ‘यंदा आमचा पुढे’ असं कुणी म्हणून बघावं. तुमचा नंदीध्वज अधिक सुंदर आहे का, असं त्याला कुणी विचारणार नाही. वहिवाट काय आहे, एवढंच विचारतील.

जेरुसलेमचं ‘जैसे थे’ म्हणजे अशीच वहिवाट. फरक इतकाच, की आपल्या यात्रेत सगळे मानकरी एकाच सिद्धरामेश्वरांचे भक्त आहेत आणि मिरवणूक सगळ्यांची मिळून आहे. तिकडे प्रत्येकाला वाटतं, की खरं तर सगळी जागा आपलीच आहे आणि बाकीच्यांना नाइलाजाने सहन करतोय.

म्हणून तिथली वहिवाट बारीक आहे, शेताच्या बांधाइतकी. बांध कुणी घातला आणि बांधावरच्या बाभळीचा पाला कुणी तोडला, यावरून आपल्या तालुक्याच्या कोर्टात पिढ्या जातात. या चर्चमधले नियम ब्रिटिश अमदानीत १९२९ साली एका अधिकाऱ्याने टिपून ठेवले. ते वाचताना मला तलाठ्याचं दप्तर वाचतोय असंच वाटलं. छताची किंवा फरशीची दुरुस्ती करायचा अधिकार ज्याचा, ताबा त्याचा. खांबावर दिवा किंवा तसबीर टांगायचा हक्क ज्याचा, खांब त्याचा. दुसऱ्या पंथाला तिथं धूप फिरवायची मुभा असली, तर मालकी निर्भेळ नाही.

म्हणजे केरसुणी हातात घेणं हीसुद्धा मालकीची भाषा झाली. १९०१ साली चर्चबाहेरच्या एका जिन्याची सगळ्यात खालची पायरी कुणी झाडायची, यावरून कॅथलिक आणि ग्रीक साधूंमध्ये रक्त सांडेपर्यंत मारामारी झाली. २००२ मध्ये छतावर बसणाऱ्या एका कॉप्ट साधूने उन्हाचा त्रास होतो म्हणून खुर्ची जरा सावलीत ओढली, तर इथिओपियन साधूंना ते अतिक्रमण वाटलं. त्या हाणामारीतही अनेकांना दवाखान्यात न्यावं लागलं. हसू येतं. पण सामाईक जिन्याखाली एकाने सायकल लावली म्हणून दोन भावांची बोलणी बंद झालेला एक वाडा आमच्याच पेठेत आहे, त्यामुळे मी फार हसत नाही.

## आणि ती शिडी

चर्चच्या मुख्य दाराच्या वर एक खिडकी आहे. खिडकीखालच्या कठड्यावर एक साधी लाकडी शिडी टेकवलेली दिसते. १७२८ च्या एका चित्रातही ती आहे. कुणीतरी कधीतरी कशासाठी तरी ठेवली आणि राहिली. ती काढायची तर कठडा कुणाचा, खिडकी कुणाची आणि शिडी कुणाची, हे सगळं उघडावं लागेल. त्यापेक्षा राहू दे. १९९७ मध्ये कुणीतरी ती उचलून चर्चमध्येच दडवली होती. काही आठवड्यांनी ती सापडली आणि मुकाट्याने होती तिथं परत ठेवली गेली.

बाई, दारात उभ्या राहिलात की सगळ्यात आधी वर बघा. त्या शिडीत सगळा कायदा आहे.

घड्याळाचंही तसंच. इस्रायलमध्ये उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात. चर्चच्या आतलं वेळापत्रक मात्र जुन्याच वेळेनं चालतं, कारण १८५२ मध्ये उन्हाळी वेळ नव्हती.

## मग किल्ली मुसलमानांकडे का?

एका मुस्लिम घराण्याकडे, जौदेंकडे, किल्ली असते. दुसऱ्या घराण्यातला, नुसैबेंपैकी कुणीतरी, त्या किल्लीने दार उघडतो आणि लावतो. म्हणजे किल्ली एकाकडे आणि उघडण्याचा मान दुसऱ्याकडे. सलाउद्दीनने ११८७ मध्ये शहर घेतलं तेव्हापासूनची ही रीत, असं परंपरा सांगते. पहाटे आतला साधू दाराच्या झरोक्यातून एक छोटी शिडी बाहेर सरकवतो (ही वेगळी, हलणारी शिडी), बाहेरचा माणूस तिच्यावर चढून वरचं कुलूप काढतो. रात्री दार बंद झालं की आतले साधू आतच राहतात.

याचं कारण सांगताना ‘बघा कसा सलोखा’ असं म्हणायची पद्धत आहे. अर्धं खरं आहे ते. सुरुवातीला यात राजवटीची सत्ता होती, यात्रेकरूंकडून प्रवेशकर घेतला जायचा. पण पुढे सगळ्यांनाच सोय कळली. सहा वाटेकऱ्यांपैकी एकाकडे किल्ली दिली, तर उरलेल्या पाचांना झोप लागणार नाही. ज्याचा आतल्या कुठल्याच खांबावर दावा नाही, त्याच्याकडे ती निर्धोक.

## वरच्या आवाराचा करार वेगळा

नाव तेच, ‘जैसे थे’. पण चर्चचा करार ख्रिस्ती पंथांमधला, लिखित आणि जुना. वरच्या आवाराचा करार ज्यू आणि मुसलमानांमधला, बराचसा न लिहिलेला आणि १९६७ नंतरचा. बातम्यांत हे दोन्ही एकाच शब्दात येतात, म्हणून घोटाळा होतो.

१९६७ च्या युद्धात इस्रायलने जुनं शहर जॉर्डनकडून घेतलं. तेव्हाचे संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी आवाराचा कारभार जॉर्डनशी जोडलेल्या वक्फकडेच राहू दिला. वक्फ म्हणजे धर्मकार्यासाठी राखून ठेवलेली मालमत्ता, आणि इथं ती सांभाळणारी संस्था. सुरक्षा इस्रायलची. मुसलमानांनी नमाज पढावी, बाकीच्यांनी ठरलेल्या वेळी येऊन बघून जावं, प्रार्थना करू नये. ज्यूंसाठी प्रार्थनेची जागा खाली भिंतीपाशी. १९९४ च्या शांतता करारात जॉर्डनच्या इथल्या खास भूमिकेचा मान राखू, असं इस्रायलने मान्य केलं.

गंमत म्हणजे इस्रायलच्या मुख्य धर्मगुरूंची पाटीच ज्यूंना वर जाण्यास मनाई करते. प्राचीन मंदिराचा गाभारा नेमका कुठं होता ते ठाऊक नाही, नकळत अपवित्र पाय पडेल, म्हणून. तरी अलीकडे वर जाणाऱ्या ज्यू गटांची संख्या वाढली, काही जण तिथं प्रार्थनाही करू लागले, इस्रायलचे मंत्रीही जाऊन आले. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दोन मिनिटं ओठ हलवले तर काय बिघडलं? पायरी झाडण्याची गोष्ट आठवा. तिथं ओठ हलवणं म्हणजे खांबावर दिवा टांगणं.

## “मग कायदा करून टाका की बे”

हे माझ्या मित्राचं मत. ओट्यावर तोही होता. “एवढं कशाला करलालेत? सरकारनं एक ट्रस्ट नेमायचा, विषय संपला.”

आपल्या जिल्ह्यात हे झालंय, म्हणून त्याला सोपं वाटतं. पंढरपूरला बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क होते. १९७३ मध्ये राज्याने पंढरपूर मंदिरांचा कायदा केला. खटला चाळीस वर्षं चालला. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि ते हक्क संपले. वेळ लागला, पण संपले. कारण वादी असो की प्रतिवादी, कोर्ट दोघांनाही मान्य होतं.

जेरुसलेममध्ये नेमकं तेच नाही. तुर्क गेले, ब्रिटिश आले, मग जॉर्डन, मग इस्रायल. पूर्व जेरुसलेमवरचं इस्रायलचं सार्वभौमत्व जगातले बहुतेक देश मान्य करत नाहीत. ट्रस्ट नेमायचा तर कुणी? जिथं सगळ्यांना मान्य असा पंच नाही, तिथं जुनी वहिवाट हाच पंच होतो. कुणालाच ती आवडत नाही, पण मोडली तर दुसऱ्याला जास्त मिळेल या धास्तीने सगळे धरून बसतात.

## पण वहिवाट अन्यायाची असली तर?

हा प्रश्न बाईंचा, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पंढरपूरलाच दलितांना विठोबाच्या देवळात येऊ न देणं हीसुद्धा वहिवाटच होती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा ती मोडली. त्या वेळी ‘जैसे थे’ म्हणणारे लोक चुकीच्या बाजूला उभे होते.

म्हणून या तत्त्वाला न्याय म्हणू नये. ते बर्फासारखं आहे: सडणं थांबवतं, ताजं काही करत नाही. त्याचे तोटे दिसतातही. १९२७ च्या भूकंपाने चर्च खिळखिळं झालं. कबरीवरची छोटी वास्तू कोसळू नये म्हणून ब्रिटिशांनी १९४७ मध्ये तिला लोखंडी तुळयांचा पिंजरा घातला. दुरुस्ती कुणी करायची यावर तिन्ही मोठ्या पंथांचं जमेना, कारण दुरुस्ती म्हणजे ताबा. पिंजरा जवळपास सत्तर वर्षं तसाच. शेवटी २०१५ मध्ये पोलिसांनी धोका आहे म्हणून ती जागा काही तास बंद केली, तेव्हा सगळे हलले. अथेन्सच्या तंत्र विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी काम केलं आणि मार्च २०१७ मध्ये पिंजरा निघाला.

आपल्याकडेही अशी एक तारीख ठरलेली आहे. प्रार्थनास्थळांबाबतचा १९९१ चा कायदा म्हणतो, की १५ ऑगस्ट १९४७ रोजी जे स्थळ ज्या धर्माचं होतं तेच त्याचं स्वरूप राहील. अयोध्येचा वाद त्यातून वगळला होता. या कायद्यालाच आव्हान दिलेलं आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तूर्त नवे दावे नोंदवून घेऊ नयेत, सर्वेक्षणाचे आदेश देऊ नयेत असं खालच्या कोर्टांना सांगितलं. पुढच्या वेळी ही बातमी वाचताना ती शिडी डोळ्यांपुढे आणा. मी स्वतः तारीख पाळण्याच्या बाजूचा आहे. पण तारखेच्या आधीच्या दुखण्यांबद्दल बोलूच नये, असंही मला वाटत नाही.

## जाणाऱ्याने काय पाळावं

थोडक्यात सांगतो, कारण कागदावर बरंच आहे. खांदे आणि गुडघे सगळीकडे झाकलेले हवेत. भिंतीपाशी पुरुषांनी डोकं झाकायचं, नसेल तर टोपी तिथंच मिळते. बायकांचा भाग वेगळा. भिंतीच्या फटीत चिठ्ठी ठेवता येते. वर्षातून दोनदा त्या गोळा करून जैतुनाच्या डोंगरावर पुरतात, जाळत नाहीत. वरच्या आवारात मुसलमानेतरांना शुक्रवार-शनिवारी प्रवेश नाही. इतर दिवशी ठरावीक तासच आणि एकाच दाराने, आणि तणाव असला की तेही बंद. बायबल, क्रूस असं काही दिसेल असं नेऊ नका. घुमटाच्या आत जाता येणार नाही.

हेरोद वेशीजवळ एक हिंदुस्थानी मुक्काम आहे, जमलं तर बाहेरून तरी बघा. तेराव्या शतकाच्या सुमारास पंजाबचे सूफी बाबा फरीद तिथं राहून ध्यान करत, अशी आख्यायिका. ज्यांची वचनं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत तेच हे फरीद. १९२४ पासून मूळचं सहारनपूरचं अन्सारी कुटुंब तो सांभाळतं.

आणि भाषेची चिंता नको. कोकणातून गेलेले बेने इस्रायली तिकडच्या अश्दोद, दिमोना, लोद अशा गावांत राहतात. बाजारात एखादी आजी अचानक मराठीत बोलली, तर दचकू नका.

“आणि खाण्याचं?” बाईंनी विचारलं. कागदावर बघितलं, तर त्यांचं विमान शुक्रवारी दुपारी उतरतंय. शुक्रवारी सूर्य मावळला की ज्यूंचा शब्बाथ लागतो. शहराच्या ज्यू वस्तीच्या बाजूची दुकानं, बस, ट्राम सगळं शनिवारी संध्याकाळपर्यंत बंद.

बाई उठून आत गेल्या. कडक भाकरीचा डबा किती दिवस टिकतो ते त्यांना ठाऊक आहे. शेंगाचटणी हातातल्या पिशवीत चालेल का, की सामानात टाकावी, एवढंच त्यांनी आतून विचारलं.